वहिनींचा ड्रायव्हर एकदा मागून बघा

गोल्फमधल्या ड्रायव्हरबद्दल, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबबद्दल (काठीबद्दल), पत्र असं आलं आहे:

“वय ५४. आठ वर्षं गोल्फ खेळतोय, हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) २१ वर येऊन अडकलाय. तीन वर्षांतला हा माझा तिसरा ड्रायव्हर. या वेळी नीट अभ्यास करून घेतला: ९ अंश लॉफ्ट (मारायच्या बाजूचा मागे झुकलेला कोन), स्टिफ म्हणजे कडक शाफ्ट (दांडा), कमी फिरकीचं आटोपशीर डोकं, टूरवरचे (व्यावसायिक) खेळाडू वापरतात तसलं. घेताना सिम्युलेटरवर एक चेंडू २४० यार्ड गेला होता. मैदानावर मात्र पहिल्याच टीवरून उजवीकडच्या झाडांत. डावीकडे रोख धरला तर आणखीच जोरात उजवीकडे वळतो. टी (चेंडू ठेवायची खुंटी) मी खालीच ठेवतो, कारण उंच ठेवली की चेंडू आभाळात. थ्री-वूड (ड्रायव्हरहून आखूड, जास्त लॉफ्टचा क्लब) जवळजवळ तेवढंच लांब जातं, आणि सरळ जातं. आमच्या चौकडीतला एक जण म्हणतो, ‘ड्रायव्हर बदलून काय होणार, तुझी गाडीच उजवीकडे ओढते.’ बायको माझ्याबरोबर खेळते. तिचा ड्रायव्हर १२ अंशांचा, चेंडू फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध. ती काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. आता जाहिरातीत ‘१०के’वाला नवा ड्रायव्हर बघितलाय. चौथा घेऊ का? शाफ्ट लांब घेतला तर अंतर वाढेल का? की ड्रायव्हर सोडून थ्री-वूडवरच राहू? सिम्युलेटरचा कागद सोबत जोडलाय.
— झाडांत हरवलेला”

झाडांत हरवलेले, नमस्कार.

चौथा ड्रायव्हर घेऊ नका. निदान अजून नको. नाचता येईना अंगण वाकडं, असं मात्र मी तुम्हाला म्हणणार नाही. तुमचं अंगण खरोखरच थोडं वाकडं आहे. तुमचा मित्र म्हणतो ते निम्मं खरं आहे. गाडी उजवीकडे ओढते, पण ड्रायव्हरही तुम्ही चुकीचाच नेमलाय.

आधी तुमचा कागद घेऊ. पत्रापेक्षा तो जास्त बोलका आहे. तुमच्या डोक्याचा (म्हणजे क्लबच्या डोक्याचा) वेग ताशी ९१ मैल. तो जवळजवळ प्रत्येक फटक्याला तेवढाच आहे, म्हणजे ताकदीचा प्रश्न नाही. चेंडूचा वेग मात्र एकदाच १३४ आणि सरासरी १२४. चेंडूच्या वेगाला क्लबच्या वेगाने भागलं की फटका किती नेमका बसला ते कळतं. त्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात, आणि ड्रायव्हरला तो फार तर दीडच्या आसपास जातो. तुमचा त्या एका फटक्याला १.४७ आहे. टूरवरच्या खेळाडूलाही त्याची लाज वाटणार नाही. बाकी सगळे मिळून १.३६. चेंडूचा वेग ताशी एक मैल वाढला की ढोबळमानाने दोन यार्ड वाढतात. म्हणजे तुमचे वीस यार्ड कुठल्याही नव्या ड्रायव्हरमध्ये लपलेले नाहीत. फेसच्या (चेंडू लागतो त्या बाजूच्या) मधोमध आणि तुम्ही जिथे चेंडू लावता त्या जागेमध्ये जे बोटभर अंतर आहे, त्यात ते सांडताहेत.

आणि तो २४०चा फटका! तुम्ही ड्रायव्हर घेतला तो त्या एका फटक्यासाठी. मी तुम्हाला हसत नाहीये, कारण मी नेमकं हेच केलंय. पंचवीस-तीस चेंडू मारले, त्यातला एक असा गेला की पडद्यावरची रेषा संपता संपेना. मागे उभ्या असलेल्या माणसाने “वा!” म्हटलं आणि मी पैसे काढले. उरलेले चेंडू कुठे गेले, ते त्यालाही आठवत नव्हतं नि मलाही. पुढचे दोन हंगाम मी त्या एका फटक्याची वाट बघत खेळलो. तो आला, नाही असं नाही. साधारण महिन्यातून एकदा यायचा, आणि बहुतेक वेळा पुढे पाण्याचं तळं असलेल्या होलवर.

तेव्हापासून ड्रायव्हर बघायची माझी पद्धत उलटी झाली. सगळ्यात लांब गेलेला चेंडू मी बघतच नाही. पंधरा मारले तर त्यातले सगळ्यात वाईट पाच कुठे पडले, तेवढंच बघतो. मैदानावर आपल्याला जगायचं असतं ते त्या पाचांबरोबर.

आता कामाचं. दुकानात जायच्या आधी रेंजवर जा, आणि जाताना फळ्यावर लिहायचा, पुसला जाणारा मार्कर खिशात टाका. ड्रायव्हरच्या फेसवर त्याने सगळीकडे सारखा रंग फासा. चेंडू जिथे लागेल तिथला रंग उडतो आणि स्वच्छ गोल ठसा उमटतो. (काही जण पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे वापरतात. ठसा जास्त स्पष्ट दिसतो, पण बॅगेतलं सगळं सामान पांढरं होतं.) दहा चेंडू मारा. प्रत्येकानंतर ठसा बघा, फोटो काढा, पुसा, पुन्हा रंग लावा. कंटाळवाणं काम आहे. पाचव्या चेंडूनंतर वाटेल की कळलं आता, पुरे. पुरे करू नका, कारण सहाव्यापासून तुम्ही ठशाकडे लक्ष ठेवून मारायचं सोडता आणि नेहमीसारखं मारू लागता.

माझा अंदाज सांगून ठेवतो: तुमचे बहुतेक ठसे हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, आणि मध्यापेक्षा खाली निघतील. असं का वाटतं ते सांगतो. ड्रायव्हरचं डोकं पोकळ आणि खोल असतं. त्याचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. चेंडू मध्य सोडून हीलवर लागला की डोकं स्वतःभोवती किंचित वळतं, आणि दोन दातेरी चाकं एकमेकांना उलट फिरवतात तसं ते चेंडूला उलट फिरवतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा हीलवरचा चेंडू उजवीकडे वळणारी फिरकी घेतो, टोकाकडचा म्हणजे टोवरचा डावीकडे. वर-खाली हाच खेळ चालतो. खाली लागलेला चेंडू बुटका उडतो आणि उलटी फिरकी जास्त घेतो. वर लागलेला उंच उडतो आणि कमी फिरकी घेतो. ड्रायव्हरचा फेस सपाट नसून दोन्ही दिशांनी किंचित फुगीर असतो, तो याचसाठी. हीलवरचा चेंडू आधी थोडा डावीकडे निघावा आणि वळून मध्यावर यावा, असा तो हिशेब आहे. पण फेस जर मुळातच उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, असेल, तर ती फुगीर कड बिचारी किती सांभाळणार?

ठसे हीलवर निघाले तर टीवर उभं राहताना अर्धा इंच मागे सरका. ठसे खाली निघाले तर टी वर करा. ड्रायव्हर चेंडूमागे टेकवला की साधारण अर्धा चेंडू डोक्याच्या टाळूच्या वर दिसला पाहिजे. तुम्ही म्हणाल, उंच ठेवली की चेंडू आभाळात जातो. जाणारच, कारण तुम्ही वरून खाली मारताय. आयर्नला (लोखंडी डोक्याच्या क्लबला) ते चालतं, ड्रायव्हरला नाही. टी खाली करून तुम्ही दुखणं बरं केलं नाही, त्याच्यावर पांघरूण घातलंत. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत घ्या, उजवा खांदा जरा खाली सोडा, आणि चेंडू उचलल्यासारखा वर जाताना मारा. पहिले वीस-पंचवीस हास्यास्पद जातील. टाळूवर ओरखडे येऊ नयेत म्हणून हवं तर तिथे चिकटपट्टी लावा.

डावीकडे रोख धरायची सवय आजच सोडा. डावीकडे बघून उभे राहिलात की स्विंगचा मार्ग आणखी बाहेरून आत कापत येतो, फेस त्या मानाने आणखी उघडा पडतो, आणि स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळणारा फटका, वाढतो. डावीकडे रोखून मारलेला चेंडू जास्त जोरात उजवीकडे वळतो, हे तुम्हीच लिहिलंय.

आता तुमच्या ९ अंशांबद्दल, कारण माझ्या मते पत्रातली मोठी चूक ती आहे. कमी लॉफ्ट म्हणजे जास्त अंतर हा समज कुठून आला ते सांगणं अवघड नाही. टीव्हीवर दिसणारे खेळाडू ८-९ अंश वापरतात. पण पुरुषांच्या टूरवर क्लबचा सरासरी वेग ताशी ११३ ते ११५ मैल आहे. त्या वेगाने मारलेला चेंडू ९ अंशांवरही हवेत टिकतो. तुमच्या ९१ ला तोच चेंडू वर जायच्या आधीच खाली यायला लागतो.

तुम्ही नक्कल करायला चुकीची टूर निवडलीत. महिलांच्या टूरवर क्लबचा सरासरी वेग ताशी ९४ ते ९६ मैल असतो, म्हणजे तुमच्यापेक्षा तीन-पाच मैलच जास्त. आणि तेवढ्यात त्या चेंडू हवेतून २२० यार्डांच्या आसपास नेतात. त्यांचं वेगळेपण बघा: टूरवरचे पुरुष ड्रायव्हर सरासरीने किंचित खालच्या दिशेने मारतात, आणि महिला जवळजवळ तीन अंश वरच्या दिशेने. ज्याच्याकडे वेग जास्त नाही, त्याने चेंडू वर उचलून कमी फिरकीने सोडायचा, हे गणित त्यांनी सोडवून ठेवलंय. पुढच्या वेळी टूरचं प्रक्षेपण बघायचंच असेल तर त्यांचं बघा. टी किती उंच ठेवतात आणि चेंडू पायांच्या कुठल्या रेषेत घेतात, तेवढंच बघितलं तरी पुष्कळ.

लॉफ्टचा दुसरा फायदा दिशेचा. वेजने (सगळ्यात जास्त लॉफ्टच्या क्लबने) कधी स्लाइस बसलाय तुम्हाला? फेस तितकाच उघडा असला तरी बसत नाही, कारण एवढ्या लॉफ्टवर चेंडूची उलटी फिरकी इतकी असते की तिचा अक्ष फारसा कलंडत नाही. लॉफ्ट कमी करत गेलात की तीच चूक जास्त आडवी दिसू लागते. थ्री-वूड तुमच्या हातून सरळ जातं त्याचं निम्मं कारण त्याचे १५ अंश आहेत, आणि उरलेलं निम्मं त्याची कमी लांबी. म्हणजे थ्री-वूड तुमच्याच ड्रायव्हरविरुद्ध साक्ष देतंय, आणि ती ऐकायची सोडून तुम्ही पुढची जाहिरात वाचताय.

यातला आनंदाचा भाग असा, की तुमच्या ड्रायव्हरच्या मानेत, जिथे शाफ्ट डोक्यात शिरतो तिथे, लॉफ्ट बदलायची बाही असेल. अलीकडच्या बहुतेक ड्रायव्हरमध्ये असते. सोबत मिळालेला पाना शोधा. बहुधा खोक्यातच पडून असेल. बाही जास्तीत जास्त लॉफ्टवर फिरवा. दीड-दोन अंश मिळतील, आणि लॉफ्ट वाढवताना फेसही थोडा बंद होतो, ते तुम्हाला हवंच आहे. ९ चे १०.५ होतात का ते बघा. होत असतील तर चौथ्या ड्रायव्हरचा अर्धा उपयोग घरबसल्या झाला. फक्त हे फेरी सुरू व्हायच्या आधी करा. फेरी चालू असताना क्लबची रचना मुद्दाम बदलून त्याने फटका मारायला नियमांची परवानगी नाही, आणि त्याची शिक्षा थेट बाद होणं आहे. चौथ्या होलवर वैतागून पाना काढाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

शाफ्टबद्दल थोडक्यात. ‘स्टिफ’ आणि ‘रेग्युलर’ यांचं उद्योगभर मान्य असं कुठलंही माप नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या स्टिफइतका कडक असू शकतो. त्यामुळे शाफ्टवरचं अक्षर वाचून मनाला लावून घेऊ नका. ५४ व्या वर्षी ‘आर’ घेतला म्हणून कोणाची मिशी खाली येत नाही. अक्षरापेक्षा वजन बघा. तुमच्या कागदावर ६५ ग्रॅमचा शाफ्ट दिसतोय. पन्नाशीतला एखादा मारून बघा. फरक पडला तर तो बहुधा अठराव्या होलवर पडेल, पहिल्यावर नाही.

लांब शाफ्टचं विचारलंत. नियमाने पटर सोडून कुठलाही क्लब ४८ इंचांपर्यंत चालतो. २०२२ पासून व्यावसायिक आणि वरच्या पातळीच्या स्पर्धांमध्ये ४६ इंचांची स्थानिक अट लावता येते, पण तुमच्या-माझ्या खेळाला ती लागू नाही. व्यावसायिक खेळाडू फिल मिकेलसनने २०२१ ची पीजीए चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा ५० व्या वर्षी जिंकली, तेव्हा त्याच्या बॅगेत जवळपास ४८ इंचांचा ड्रायव्हर होता. हे उदाहरण तुमच्या कानावर आलंच असेल, पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक गोल्फरच्या येतं. पण तो मिकेलसन आहे. लांबी वाढली की वेग मैल-दोन मैल वाढतो आणि फेसचा मध्य सापडणं त्याहून जास्त अवघड होतं. तुमचं दुखणं वेगाचं नाहीच. दुकानात मिळणारे ड्रायव्हर साधारण साडेपंचेचाळीस इंचांचे असतात, आणि टूरवरचे कित्येक जण याहून आखूड वापरतात. रिकी फाउलर तर काही काळ साडेत्रेचाळीस इंचांचा घेऊन खेळला. तुम्ही आधी कापाकापी करू नका. ग्रिप नेहमीपेक्षा इंचभर खाली धरा आणि पुन्हा दहा ठसे घ्या. ठसे जवळ-जवळ आले तर शाफ्ट कापायचा विचार करू. तेव्हाही लक्षात ठेवा, अर्धा इंच कापला की डोकं हलकं वाटायला लागतं (स्विंगवेट तीन अंकांनी उतरतं), आणि मग शिशाची पट्टी चिकटवून वजन परत आणावं लागतं.

आता तुमचं ‘१०के’. ते काय आहे ते समजून घ्या, मग मोह आपोआप थोडा ओसरेल. चेंडू मध्य सोडून लागला की डोकं वळतं, असं वर म्हटलं. त्या वळण्याला डोकं किती विरोध करतं, त्याचं माप म्हणजे जडत्व-आघूर्ण, गोल्फच्या भाषेत एमओआय. उभ्या अक्षाभोवतीच्या या मापाला नियमाने ५,९०० ची मर्यादा आहे आणि वर १०० ची सूट, एकक ग्रॅम-सेंटिमीटर वर्ग. मग १०,००० आले कुठून? याच, म्हणजे हील-टो दिशेच्या, मापात वर-खाली दिशेचं माप मिळवून. २०२४ मध्ये असे ड्रायव्हर बाजारात गाजले. फसवणूक नाही ती, दोन आकड्यांची बेरीज आहे. हील-टोवर चेंडू लागला तरी अंतर कमी तुटतं, हा त्यांचा गुण खराच. चुका पोटात घालणारं डोकं तुमच्यासारख्याला, माझ्यासारख्याला, हवंच. पण उघडा फेस ते बंद करत नाही. उघडा फेस पोटात घालणारा ड्रायव्हर अजून कोणी काढलेला नाही.

आणि ‘दहा यार्ड जास्त’ हे वाक्य दर वर्षी का छापलं जातं, याचं मला खरंच कौतुक वाटतं. डोक्याचं आकारमान ४६० घन सेंटिमीटरवर बांधलेलं आहे. फेसच्या उसळीवरही वर्षानुवर्षं मर्यादा आहे. दर वर्षी दहा यार्ड खरोखर वाढत गेले असते, तर तुम्ही आज पार-चारच्या (चार फटक्यांच्या होलच्या) हिरवळीवर टीवरूनच उतरला असता. मधोमध बसलेल्या फटक्यात आता मिळवण्यासारखं फार कमी उरलंय. कंपन्यांनी अलीकडे जे कमावलं ते कडेच्या फटक्यांत. म्हणूनच दोन-तीन वर्षं जुनं मॉडेल घ्यायला काहीच हरकत नसते. फक्त ते नियमांत बसणाऱ्या डोक्यांच्या यादीत आहे का ते बघा, आणि वापरलेला घेत असाल तर नकली नाही याची खात्री करा.

तुमचं सध्याचं डोकं मात्र उलट जातीचं आहे. ‘कमी फिरकी, आटोपशीर’ म्हणजे त्यातलं वजन पुढे, फेसजवळ आणलेलं. जो रोज मध्यावर मारतो आणि ज्याला फिरकी जास्त होते, त्याच्यासाठी ते. तुम्हाला वजन मागे असलेलं, शक्यतो थोडं हीलकडे झुकलेलं डोकं जास्त मानवेल. ‘ड्रॉ’ (डावीकडे वळणारा फटका) असं लिहिलेलं असतं त्यावर. घ्यायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. माझ्या सध्याच्या ड्रायव्हरवर ते अक्षर ज्या बाजूला आहे, ती बाजू मी बराच काळ कव्हर घालून झाकत होतो.

थ्री-वूडवरच राहू का, हा तुमचा तिसरा प्रश्न. राहिलात तरी मी अडवणार नाही. २००६ च्या ओपनमध्ये (ब्रिटिश ओपनमध्ये) रॉयल लिव्हरपूलला टायगर वूड्सने ७२ होलमध्ये ड्रायव्हर एकदाच काढला आणि स्पर्धा जिंकली. २०१३ ला मुइरफील्डला मिकेलसनने ड्रायव्हर बॅगेतच ठेवला नव्हता, तोही जिंकला. पण दोन्ही वेळा जमीन उन्हाने कडक झाली होती आणि चेंडू पडल्यावर लांब पळत होता. शिवाय थ्री-वूडने त्यांचा चेंडू जातो तिथे तुमचा-माझा ड्रायव्हरही पोचत नाही. ओल्या फेअरवेवर लांब पार-चार आला की थ्री-वूडनंतर पुन्हा थ्री-वूडच काढावं लागतं, आणि त्याचा काही आठवड्यांत कंटाळा येतो. तेव्हा अरुंद होलवर, उजवीकडे हद्दीबाहेर जायची भीती असेल तिथे, बिनधास्त थ्री-वूड. बाकी ठिकाणी ड्रायव्हर शिकायचा. आणि चौथ्या ड्रायव्हरचा विचार करण्याआधी एखाद्या प्रशिक्षकाकडे एक तास घालवा. फक्त ड्रायव्हरसाठी. त्याला ठशांचे फोटो दाखवा. निम्मा तास वाचेल.

हे सगळं करून दोन महिन्यांनीही घ्यावासाच वाटला, तर घ्या. पण घेताना आपला जुना ड्रायव्हर बरोबर न्या, आणि आपण खेळतो तोच चेंडू न्या. नवा-जुना आलटून पालटून मारा. एकाचे सलग वीस मारले की अंग तापतं आणि दुसरा क्लब उगाच चांगला ठरतो. जमलं तर उघड्या रेंजवर मारा, चेंडू खरोखर उतरताना दिसला पाहिजे. पडद्यावर एकूण अंतर दाखवत असतील तर ते झाका आणि फक्त कॅरी, म्हणजे हवेतलं अंतर, बघा. तुमच्या २४० मध्ये पडल्यानंतरची घरंगळ धरली होती. कागदाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलंय ते. मग वाईट पाच काढा आणि दोन्ही ड्रायव्हरचे शेजारी शेजारी मांडा. जो क्लब वाईट पाचांना झाडांच्या अलीकडे ठेवतो, तो तुमचा.

राहिला वहिनींचा विषय. त्यांचा १२ अंशांचा ड्रायव्हर तुम्हाला आखूड वाटेल, शाफ्ट मऊ लागेल, वेळ चुकेल. तो तुम्हाला विकत घ्यायचा नाहीये. फक्त मार्कर लावून दहा चेंडू त्याने मारा आणि ते शेवटी कुठे वळतात ते बघा. स्लाइस अर्ध्यावर आला, तर लॉफ्ट आणि लांबीबद्दल मी वर जे लिहिलंय त्याला पुरावा मिळाला. तितकाच राहिला, तर दोष जवळजवळ पूर्ण स्विंगचा, आणि मग दुकानाकडे फिरकूही नका. मात्र मागताना सरळ मागा, न विचारता त्यांच्या बॅगेतून काढू नका. आणि टी किती उंच ठेवायची तेही त्यांनाच विचारा. त्या बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना सांगण्यासारखं काही नाही, असा मला वाटत नाही.

दोन्ही ड्रायव्हरच्या ठशांचे फोटो पाठवा, दहा-दहा. चांगले तेवढेच निवडून पाठवू नका.